नेहमीचं काय, वेगळं काय

सकाळी 5:30

रात्रीचे अलर्ट चहाच्या आधी बघायचे, ही सवय पुण्यातल्या कॉम्प्युटर व्हायरसच्या लॅबमध्ये लागली आणि सोलापूरला परत आल्यावरही टिकली. माझं काम थोडक्यात सांगायचं तर कारखान्यातली यंत्रं आपसात जे बोलतात ते ऐकायचं, आणि त्यात परका आवाज आला की ओळखायचा. इतकं सगळं ऐकायला माणसं पुरत नाहीत. म्हणून ऐकणारी मॉडेल्स तयार करायची, आणि ती नीट ऐकतात की नाही याचं संशोधन करायचं. संशोधनाची टीम पुण्यात बसते. मी मात्र जास्तीत जास्त वेळ चिंचोळी एमआयडीसीत काढते, कारण ऐकायचं ते इथं चाललेलं असतं.

आजच्या यादीतली एकच ओळ लाल आहे. एका फाउंड्रीत रात्री 2:17 वाजता इंडक्शन फर्नेसच्या कूलिंग पंपाला एक कमांड गेली. पंपाचा वेग ज्या रजिस्टरमध्ये असतो तिथं 4200 होते, ते 4700 झाले. म्हणजे पंप 42 हर्ट्झवर फिरत होता, तो 47 वर गेला. आकडा भीतीदायक नाही. काळजी पत्त्याची आहे. कमांड ज्या पत्त्यावरून आली तो कारखान्याच्या यादीत कुठंच नाही.

पुण्यातल्या रात्रपाळीच्या मुलानं लगेच प्लांटला फोन केला होता. फर्नेस व्यवस्थित चालू, पाण्याचं तापमान उतरतंय, पुन्हा तसली कमांड नाही. त्यानं लक्ष ठेवलं आणि माझ्यासाठी नोंद सोडली. बरोबर केलं.

इंडक्शन फर्नेसची कॉइल म्हणजे तांब्याची पोकळ नळी. तिच्यातून वीज जाते आणि आतून पाणी फिरतं. शेजारी, उष्णतारोधक अस्तरापलीकडे, चौदाशे अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड असतं. पाणी थांबलं आणि कॉइल जळाली, तर पाणी त्या लोखंडाला भिडतं आणि स्फोट होऊ शकतो. म्हणून तर फाउंड्रीत वर वेगळी टाकी ठेवतात, वीज गेली तरी उताराने पाणी खाली यावं म्हणून. ज्याला पंपाचा वेग पाचने वाढवता येतो त्याला तो वीसने कमीही करता येतो. लाल ओळीचा अर्थ एवढाच, आणि एवढ्यासाठी आज लवकर निघायचं.

सकाळी 6:15

पुणे रोडला या वेळी कामगारांच्या बस आणि दुधाच्या गाड्या. केगावला विद्यापीठ मागे पडलं की दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं. एप्रिलमध्ये ती रिकामी, करपलेली. शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर चिंचोळी काटी, मोहोळ तालुक्यात. त्याच्या अलीकडे पाकणीला रेल्वे स्टेशन आणि तेल कंपन्यांचे डेपो, त्यामुळे टँकरची रांग कायम.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आठवते, आणि आम्हाला तिचा अभिमान आहेच. पण हे शहर आता मोटारीच्या इंजिनात बसणारे कॅमशाफ्टही जगाला पुरवतं. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स 1992 साली इथं सुरू झाली, तिचा माल फोर्ड आणि जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांच्या इंजिनांपर्यंत गेला. बालाजी अमाइन्ससारखी रसायन कंपनी याच पट्ट्यात वाढली. या मोठ्या नावांच्या आजूबाजूला लहान-मध्यम कारखाने आहेत, जे त्यांना किंवा पुण्या-चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग देतात. मोठ्यांकडे सुरक्षेसाठी विभाग असतो, बजेट असतं. लहानांकडे एक आयटीवाला मुलगा असतो; प्रिंटर, कॅमेरे, टॅली आणि सायबर सुरक्षा सगळं त्याच्याच गळ्यात. माझं संशोधन त्या मुलासाठी आहे, असं मी मानते.

सकाळी 6:50

गेटवर वहीत नाव, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, आणि पेन ड्राइव्ह असेल तर डब्यात जमा. हा डबा बसवायला वेळ लागला होता. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रात स्टक्सनेट हा मालवेअर शिरला तो इंटरनेटवरून नाही, पेन ड्राइव्हवरून. 2010 साली तो जगाला कळला, तोवर त्यानं सेंट्रिफ्यूजचा वेग खालीवर करून ती बिघडवली होती आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर सगळं ठीक असल्याचे आकडे दाखवत ठेवले होते. ही गोष्ट मी गेटवरच्या वॉचमनना सांगितली आहे, पूर्ण, न कापता. तेव्हापासून डब्यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. माणसाला कारण कळलं की नियम पाळायला वेगळी सक्ती लागत नाही, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं.

सकाळी 7:00

पाळी बदलायची वेळ. मला रात्रपाळीचे मामा गाठायचे होते. फर्नेसवर त्यांची हयात गेली. त्यांना सगळे मामाच म्हणतात, प्लांट हेड साहेबसुद्धा.

"मामा, रात्री दोनच्या सुमाराला काय झालं होतं?"

"लई तापलं बघा पाणी. दोनदा ट्रिप झाली फर्नेस. आत माल तयार, थांबवून कसं चालंल? मग लावला फोन त्या पंपवाल्याला."

"रात्री दोन वाजता?"

"मग? त्यानंच सांगून ठेवलंय, कवाबी लावा म्हणून. त्यानं घरी बसल्या बसल्या वाढवलं की. पाच मिनिटांत पाणी उतरलं."

त्यांनी लॉगबुक पुढं केलं. निळ्या बॉलपेनात, ओळ सोडून तिरपी गेलेली नोंद: "2:05 पा. ग. फ. ट्रिप 2 वेळा. पं. वा. केला. ओके." पाणी गरम, पंप वाढवला. एवढ्या ओळीत रात्रीचा सगळा उलगडा होता.

आमच्या नोंदीत 2:17, लॉगबुकात 2:05. मामांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिलं. आमच्या यंत्रणेनं वेळ घेतली ती पॅनेलमधल्या कंट्रोलरकडून. भिंतीवरचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं, बरोबर होतं. कंट्रोलर बारा मिनिटं पुढं. शांत दिवशी या बारा मिनिटांनी काही अडत नाही. गुन्हा घडल्यावर मात्र त्याच बारा मिनिटांवर तपास अडतो: आधी फोन झाला की आधी कमांड गेली, हेच सांगता येत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या आदेशात घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय, ते याचसाठी. लोक त्या आदेशातलं, घटना सहा तासांत कळवायचं कलम लक्षात ठेवतात आणि घड्याळाचं विसरतात.

सकाळी 8:15

पॅनेल उघडायला मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन सोबत. आधी परवानगीचा कागद, मग टेस्टर, मग दार. नव्या पोरांना मी इथंच उभं करते. कॉम्प्युटरच्या सुरक्षेत वाढलेल्या माणसाचा हात आधी स्कॅनकडे जातो. सगळ्या पत्त्यांवर टकटक करून कोण कोण आहे ते बघायचं, ही ऑफिसमधली रीत. इथं ती चालत नाही. जुना कंट्रोलर तेवढ्या टकटकीनंही अडकून बसतो, आणि तो अडकला तर फर्नेसच्या पाण्याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. म्हणून आम्ही स्विचवरून संभाषणाची एक प्रत घेतो आणि नुसतं ऐकतो. तारेवर आमच्याकडून एक शब्द जात नाही.

पॅनेलच्या आत, रेलवर बसवलेल्या कंट्रोलरच्या खाली, केबलच्या गुंडाळीमागं काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा होता. फोर-जी राउटर. आत सिम कार्ड. अँटेना चुंबकानं पॅनेलच्या बाहेर, मागच्या बाजूला चिकटवलेली, वर धुळीचा थर. डब्याच्या तळाला कारखान्यातून येताना असलेलं स्टिकर तसंच: युजरनेम आणि पासवर्ड, दोन्ही छापील. फोनवर पंपवाल्याला विचारलं. पासवर्ड तोच होता. देखभालीच्या करारात रिमोट सपोर्ट होता, म्हणून त्यानं तो बसवला. सोय म्हणून बसवला. त्याच्या मनात काही काळं नव्हतं.

या राउटरपलीकडे जो कुणी पोचेल त्याला पंपाशी बोलायला पासवर्डही लागणार नाही. यंत्रं ज्या भाषेत बोलतात ती मॉडबस, 1979 साली मॉडिकॉन कंपनीनं तयार केलेली. त्या काळी तार कारखान्याच्या भिंतीबाहेर जात नव्हती. जो तारेवर आहे तो आपलाच, असं धरून ती भाषा रचली गेली. "तू कोण?" हा प्रश्न तिच्यात नाही. किंमत बदलायला एवढंच लागतं: सहा क्रमांकाचा फंक्शन कोड, रजिस्टरचा नंबर, नवी किंमत. यंत्र ऐकतं आणि तसंच उत्तर परत देतं. साधी, भक्कम, कमी जागेत मावणारी भाषा, म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिच्या तारेला सिम कार्ड जोडायचं तर राखण बाहेरून करावी लागते.

मी राउटर तिथंच ठेवला. काढला असता तर आज रात्री पाणी तापल्यावर मामांनी काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नव्हतं. पासवर्ड तेवढा तिथल्या तिथं बदलला, पंपवाल्याला आणि शिफ्ट इनचार्जना सोबत घेऊन.

सकाळी 10:30

पुण्याशी रोजची बैठक, प्लांटच्या छोट्या ट्रेनिंग रूममधून. पंखा आवाज करतो, म्हणून मी हेडफोन लावते.

आजचा प्रश्न पोरांनीच काढला. मॉडेलनं कमांड पकडली, हे यश. पण पंप 47 वर जाणं हे मॉडेलला "वेगळं" का वाटलं? कारण ते शिकलं हिवाळ्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवर. सोलापूरचा एप्रिल त्यानं पाहिलेलाच नाही. इथं उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो, टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं, पंप जास्त फिरतो. जानेवारीत याच मॉडेलनं असाच गोंधळ घातला होता. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, अर्धा कारखाना सुट्टीवर, पाळ्या बदललेल्या, मशिनं भलत्या वेळी चालू आणि भलत्या वेळी बंद. मॉडेलच्या हिशेबानं तो हल्ला होता. आषाढीला पुन्हा तेच होईल, पंढरपूर याच जिल्ह्यातलं.

ही अडचण नवी नाही. डोरोथी डेनिंग यांनी 1987 साली घुसखोरी ओळखण्याचं जे मॉडेल मांडलं त्याचा पायाच हा: नेहमीचं वागणं नोंदवा, त्यापासून दूर गेलं की बघा. पुढं पद्धती कितीतरी आल्या. आम्ही वापरतो त्यातली एक, आयसोलेशन फॉरेस्ट, 2008 ची. वेगळी नोंद चटकन बाजूला पडते, नेहमीची गर्दीत राहते, या साध्या निरीक्षणावर ती चालते. पण गणित कितीही नवं असलं तरी "नेहमीचं" हे ज्या त्या गावातून, ज्या त्या कारखान्यातून आणावं लागतं. ते विकत मिळत नाही. एखाद्या परदेशी कंपनीचं तयार मॉडेल आणून चिंचोळीत बसवलं की ते यात्रेला घाबरतं.

आणि ते सारखं घाबरलं तर काय होतं, तेही मोजण्यासारखं आहे. समजा एका प्लांटमध्ये दिवसाला एक कोटी संदेश जातात आणि मॉडेल लाखात एकदाच चुकतं. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात दिवसाला शंभर खोट्या घंटा. खरा हल्ला कदाचित वर्षात एकदा. स्टेफान अॅक्सेलसन यांनी 1999 मध्येच हे गणित मांडून ठेवलंय. शंभर खोट्या घंटा ऐकलेला माणूस एकशे एकावी ऐकत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

पोरांना एक उपाय सुचतो: मॉडेलला रोज नव्यानं शिकू द्या, म्हणजे ऋतू आपोआप कळेल. मी इथं अडते. रोज शिकणाऱ्या मॉडेलला हल्लेखोरही शिकवू शकतो. आज पंप अर्ध्या हर्ट्झनं उतरवला, आठवड्यानं आणखी अर्ध्यानं. मॉडेल म्हणेल, अच्छा, हे नेहमीचंच. दोन महिन्यांत धोक्याची पातळी त्याच्या लेखी नेहमीची झालेली असेल. म्हणून मॉडेलचं शिकणं कुलूपबंद, आणि कुलूप उघडायची किल्ली माणसाकडे: वर्षभराचा डेटा, ऋतूनुसार वेगळा, प्रत्येक बदलावर प्लांटमधल्या माणसाची सही.

मला या सगळ्यात सर्वात आशा वाटते ती लॉगबुकाची. मामांची "पा. ग." ही ओळ आणि आमची लाल ओळ एकाच घटनेच्या दोन बाजू होत्या आणि एकमेकींना माहीत नव्हत्या. आम्ही आता लॉगबुकाच्या पानांचे फोटो घेऊन भाषेच्या मॉडेलकडून वाचून घेतोय. छापील मराठी त्याला चांगली येते. फाउंड्रीतली मराठी येत नाही. "पं. वा." म्हणजे त्यानं एकदा पंडित वाडेकर असं काहीतरी केलं होतं. आता मामा आणि त्यांच्या जोडीदारांकडून शब्दांची यादी करून घेतलीय, वाचन सुधारलंय.

या भाषेच्या मॉडेलला आम्ही एक गोष्ट कधीच देणार नाही: यंत्राला कमांड देण्याचा अधिकार. ते वाचेल, सुचवेल, थांबेल. जे मॉडेल मजकूर वाचतं त्याला मजकुरातून हुकूम देता येतो. ईमेलमध्ये किंवा नोंदीत कुणी लिहून ठेवलं की आधीचं सगळं विसर आणि हे कर, तर ते करायला निघू शकतं. 2022 पासून प्रॉम्प्ट इंजेक्शन या नावानं ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्यावर पक्का इलाज अजून नाही. जोवर तो नाही तोवर वाचणारा वेगळा आणि पंप फिरवणारा वेगळा. हा नियम मी लिहिलाय आणि त्यात सूट मागायला कुणी आलं तर मी नाही म्हणते.

दुपारी 12:45

जेवण कँटीनमध्ये. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. शेजारच्या टेबलावर नवीन आयटीआय अप्रेंटिस. त्यातली एक मुलगी विचारते, "मॅडम, तुमच्या लाइनला यायला काय शिकावं लागतं?"

मी तिला पुण्याच्या काटकर बंधूंची गोष्ट सांगितली. मूळचे सातारा जिल्ह्यातले. थोरले कैलाश कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे संजय कॉम्प्युटर शिकले आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांमधले व्हायरस काढायला स्वतः प्रोग्रॅम लिहायला लागले. त्यातून क्विक हील उभी राहिली. 2016 मध्ये ती शेअर बाजारात आली. माझ्या पिढीतल्या कितीतरी मराठी मुलांना या क्षेत्राचं दार पुण्यात उघडलं ते अशा कामांमुळे. आम्ही दिवसभर व्हायरसचे नमुने सुटे करून बघायचो, हा काय करतो, कुठं लपतो, ओळखीची खूण कोणती. नमुने इतके वाढले की हातानं बघणं शक्य राहिलं नाही, तेव्हा मशिन लर्निंग आलं. आणि नमुना नसलेला हल्ला ओळखायची वेळ आली तेव्हा मी कारखान्यांकडे वळले.

"म्हणजे आधी रिपेरिंग?" ती म्हणाली.

होय. वायरिंगचा नकाशा वाचता येतो का, मीटर धरता येतो का, ते बघ. कोडिंग त्यावर बसतं. तिला मी दुपारी पॅनेलपाशी बोलावलंय.

दुपारी 2:00

पायऱ्या उतरत होते तेवढ्यात अकाउंट्समधल्या ताईंनी हाक मारली. "मॅडम, जरा हे बघता का? तुम्हीच सांगितलं होतं, शंका आली तर विचारा."

परदेशी पुरवठादाराचा मेल. मागच्या पत्रव्यवहाराची पूर्ण माळ खाली जोडलेली, बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर, आदरानं लिहिलेली चार वाक्यं: ऑडिटमुळे आमचं जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, यावेळी खालील खात्यात पैसे पाठवावेत. पैसे आज सुटायचे होते.

मी पत्ता मोठा करून दाखवला. कंपनीच्या नावात जिथं इंग्रजी एम असायला हवा तिथं आर आणि एन शेजारी शेजारी होते. लहान अक्षरात ते दोन मिळून हुबेहूब एम दिसतात. ताईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"पण शंका कशी आली तुम्हाला?" मी विचारलं.

"तो माणूस दर वेळी आधी विचारतो, पाऊस झाला का सोलापुरात. आज विचारलं नाही."

हे कोणत्याही मॉडेलच्या आधीचं आणि वरचं ज्ञान आहे. माणूस माणसाला ओळखतो. पूर्वी असे मेल भाषेच्या चुकांवरून पकडले जायचे. मराठीतले तर एका ओळीत कळायचे. आता भाषेच्या मॉडेल्समुळे चोराचीही मराठी, इंग्रजी शुद्ध झालीय. आवाज आणि चेहराही करता येतो. 2024 साली बाहेर आलेल्या हाँगकाँगच्या प्रकरणात अरुप या अभियांत्रिकी कंपनीतल्या कर्मचाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर आपले वरिष्ठ पाहिले, त्यांचं ऐकलं आणि सुमारे अडीच कोटी अमेरिकी डॉलर पाठवले. कॉलवरचे ते चेहरे बनावट होते.

म्हणून नियम एकच, आणि तो भिंतीवर लावलाय. खातं बदललं की फोन करायचा, आणि तो मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या जुन्या फाइलमधल्या नंबरवर. ताईंनी केला. पुरवठादाराला या मेलची काहीच कल्पना नव्हती. त्याच्याकडच्या कुणाचा तरी मेलबॉक्स फुटला असावा. पैसे गेले नाहीत. गेले असते तर पहिली गोष्ट सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला फोन, त्याच मिनिटाला. खात्यातून पुढं सरकायच्या आत पैसे गोठवता आले तरच परत मिळायची आशा.

ताईंना मी प्लांट हेड साहेबांसमोर घेऊन गेले आणि घडलं ते सांगितलं. अशा माणसाचं कौतुक साहेबांच्या कानावर जायलाच हवं. ते वार्षिक अहवालात येत नाही.

दुपारी 3:30

साहेबांशी राउटरवर बोलणं. ते फाउंड्रीतून वर आलेले, त्यांना आकडे आणि कारणं लागतात.

"मॅडम, आपण एवढेसे. आपल्यावर कोण हल्ला करणार?"

मी कोजिमाचं उदाहरण काढलं. जपानमधली प्लास्टिकचे भाग करणारी कंपनी, टोयोटाची पुरवठादार. फेब्रुवारी 2022 च्या शेवटी तिच्यावर हल्ला झाला आणि 1 मार्चला टोयोटाला जपानमधले सगळे चौदा कारखाने एक दिवस बंद ठेवावे लागले. हल्लेखोर आत शिरले कुठून? कोजिमाच्या एका उपकंपनीत बाहेरच्याशी दुरून जोडायला ठेवलेल्या उपकरणातून. साहेब खुर्चीत पुढं सरकले. पुरवठादार म्हणजे आपणच, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

नॉर्स्क हायड्रोचंही सांगितलं. नॉर्वेची ॲल्युमिनियम कंपनी, मार्च 2019. कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, खंडणी मागितली, त्यांनी दिली नाही. कागदावर ऑर्डर लिहून, हातानं व्हॉल्व्ह फिरवून त्यांनी भट्ट्या चालू ठेवल्या. ज्यांना हातानं चालवता येत होतं अशी माणसं होती म्हणून ते शक्य झालं. आपल्याकडे मामा आहेत. ते निवृत्त होतील तेव्हा काय, हा प्रश्न मी सायबर सुरक्षेच्या अहवालात लिहिते, आणि तो तिथंच लिहायला हवा.

मग खर्चाचं बोलणं झालं. मी मोठं काही मागितलं नाही. सिमचा राउटर काढायचा. बाहेरच्यांसाठी एकच दरवाजा, त्याच्यावर दोन टप्प्यांची ओळख. आणि पॅनेलवर चावीचा स्विच: शिफ्ट इनचार्जनं चावी फिरवली तरच बाहेरची जोडणी चालू, एका तासानं आपोआप बंद. पंपवाला तोच, त्याचा फोन नंबर तोच. फक्त त्याला आत घेणारा हात कारखान्याचा.

साहेब म्हणाले, "आणि रात्री चावी सापडली नाही तर?"

प्रश्न अगदी योग्य होता आणि त्यावर पुढचा अर्धा तास गेला. शेवटी ठरलं की बाहेरच्याची गरजच कमी करायची. उन्हाळ्यात पंप वाढवणं ही रोजची गोष्ट आहे, तर ऑपरेटरच्या स्क्रीनवरच ते बटण द्यायचं. मामांनी स्वतः 48 पर्यंत वाढवावा. आणि पंपाचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये खालची मर्यादा पक्की करायची: फर्नेस चालू असेपर्यंत 38 च्या खाली वेग जाणारच नाही, कमांड कुठूनही येवो. ही मर्यादा नेटवर्कवरून बदलता येणार नाही, त्यासाठी ड्राइव्हसमोर उभं राहून बटणं दाबावी लागतील.

माझ्या सगळ्या संशोधनापेक्षा ही एक ओळ जास्त जीव वाचवील, आणि हे मी माझ्या टीमलाही सांगते. ओळखणारं मॉडेल हवंच, पण ओळखायला चुकलं तरी फर्नेसचं पाणी थांबता कामा नये. 2017 साली सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये ट्रायटन या मालवेअरनं नेमकं शेवटच्या सुरक्षा यंत्रणेलाच हात घातला होता. तेव्हापासून शेजारच्या रसायन कारखान्यांत गेले की मी आधी हेच विचारते: शेवटचं कुलूप नेटवर्कवर आहे का?

संध्याकाळी 5:00

अप्रेंटिस मुलगी पॅनेलपाशी वेळेवर आली. तिच्याकडून कंट्रोलरचं घड्याळ जुळवून घेतलं, आणि तिच्याच हातानं लॉगबुकात नोंद: किती वाजता, कोणत्या घड्याळाशी, किती फरक होता. मग तिनंच विचारलं की बाकीच्या पॅनेलची घड्याळं कोण बघतं. कुणीच नाही. उद्यापासून ती बघणार, मेंटेनन्सच्या साहेबांची परवानगी घेतली.

संध्याकाळी 7:30

घरी येऊन पुण्याला दिवसाची टिपणं पाठवली. लाल ओळ बंद करताना कारण लिहावं लागतं. "खोटा अलर्ट" हा पर्याय यादीत होता, तो मी निवडला नाही. अलर्ट खरा होता. माणूस चांगला निघाला, दरवाजा मात्र उघडाच होता. असं लिहायला यादीत जागा नव्हती, म्हणून नवा पर्याय जोडायला सांगितला. मॉडेलसाठी नियम: एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत पंप 48 पर्यंत जाणं नेहमीचं धरावं, पण कमांड ऑपरेटरच्या स्क्रीनवरूनच आलेली असावी, इतर कोणत्याही पत्त्यावरून आली तर वेग कितीही असो, घंटा वाजवावी. खाली सहीच्या जागी प्लांटकडून मामांचं नाव.

साहेबांचा मेसेज आलाय. शनिवारी सकाळी फर्नेस रिकामी करून बंद ठेवतायत, राउटर तेव्हा काढायचा आणि ड्राइव्हची मर्यादा तेव्हाच बसवायची. रात्रपाळी संपल्यावर मामा त्यासाठी थांबणार आहेत, त्यांचा ओव्हरटाइम मंजूर झालाय. चावीचा स्विच पुण्याहून शुक्रवारच्या गाडीनं येईल. तोपर्यंतच्या रात्री पुण्यातला मुलगा त्या एका पत्त्यावर वेगळं लक्ष ठेवणार, आणि शंका आली की थेट मामांच्या मोबाइलवर फोन करणार.